देह ईटला, घड्याळ न्यू जर्सीला



एका वाचक भगिनीने आम्हाला विचारलं आहे, "सासूबाई मुलीकडे अमेरिकेला जाऊन आल्या. आठ दिवस झाले, रात्री टक्क जाग्या असतात आणि दिवसा जेवता जेवता पेंगतात. शेजारीपाजारी म्हणतात नजर लागली. हा आजार आहे का?"

आजार नाही आणि नजरही नाही. याला जेट लॅग म्हणतात. पण "काही नाही, आपोआप जाईल" एवढं लिहून आम्ही थांबणार नाही, कारण तेवढंच समजून आमच्या घरात एकदा मोठा घोळ झाला होता. सांगायला संकोच वाटतो, चूक आमचीच होती. तरी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात अब्बा-अम्मी भाईजानकडून, न्यू जर्सीहून, साडेतीन महिन्यांनी परत आले. विमान रात्री एकला मुंबईत उतरणार होतं. आम्ही गाडी करून ईटहून आदल्या दुपारीच निघालो. सामान घेऊन ते बाहेर येईपर्यंत अडीच वाजले. लगेच परतीला लागलो. पुणे मागे टाकलं, नगर रस्त्यावर एका ढाब्याला थांबलो. तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते.

अब्बांना बरीच वर्षं मधुमेह आहे. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी असं दोन वेळा इन्सुलिन. मनगटावरचं घड्याळ त्यांनी मुद्दाम न्यू जर्सीच्या वेळेवर ठेवलं होतं. नातू कधी शाळेत असतो, कधी झोपतो हे कळावं म्हणून. त्या घड्याळात रात्रीचे आठ वाजले होते. त्यांनी हिशेबाने रात्रीचं इन्सुलिन घेतलं, पराठा खाल्ला आणि गाडीत बसले. आमचं लक्ष चहाकडे होतं.

दुपारी बाराच्या आत जामखेड, खर्डा करत ईटला पोहोचलो. घर माणसांनी भरलेलं. आमचा भूम तालुका खव्याचा, त्यामुळे येणारा प्रत्येक जण पेढ्यांचा पुडा घेऊनच आला होता. अब्बांचे डोळे मिटत होते. जेवायला बसवताना आम्हीच विचारलं, "अब्बा, सकाळचं इंजेक्शन राहिलं ना?" अर्धवट झोपेत ते "हां" म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ते खरंही होतं. त्यांनी इंजेक्शन घेतलं, दोन घास खाल्ले आणि आत जाऊन आडवे झाले. भेटायला येणाऱ्यांना आम्ही सांगत होतो, "झोपू द्या, जेट लॅग आहे."

असरच्या नमाजला उठवायला अम्मी आत गेली. अब्बांचा सदरा घामाने ओला होता. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. अम्मीने आमच्याआधी ओळखलं. मशीनवर साखर ४८ दाखवली. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, पुन्हा पाजलं, मग खायला दिलं आणि डॉक्टरांकडे नेलं. अल्हम्दुलिल्लाह, संध्याकाळपर्यंत ते ठीक झाले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दोन घड्याळांची दोन इंजेक्शनं तुम्ही एकाच देहाला दिलीत."

घरात पेढ्यांचे पुडे रचलेले आणि घरातल्या कर्त्या माणसाची साखर ४८. त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला.

शरीरातलं घड्याळ

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. झोप कधी यावी, अंग कधी तापावं, कधी थंड व्हावं, कोणता रस कधी स्रवावा याची वेळ तो ठरवतो. यकृत, पोट, आतडी यांचीही आपापली छोटी घड्याळं असतात आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळांवर चालतात.

ही गोष्ट पहिल्यांदा एका रोपावर लक्षात आली. १७२९ मध्ये फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसतानाही ते दिवसाच्या वेळी पानं उघडायचं आणि रात्रीच्या वेळी मिटायचं. म्हणजे वेळ त्याच्या आतच होती. पुढे फळांवर बसणाऱ्या बारीक माश्यांमध्ये हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधून काढल्याबद्दल २०१७ मध्ये हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हे आतलं घड्याळ बाहेरच्या जगाशी जुळवलं जातं ते मुख्यतः उजेडाने. डोळ्यावर पडणारा उजेड रोज त्याचे काटे थोडे सरकवतो. विमान मात्र एका दिवसात माणसाला अर्ध्या पृथ्वीपलीकडे नेऊन सोडतं. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. ईटला रात्रीचे दोन वाजतात तेव्हा अब्बांच्या आतल्या घड्याळात आदल्या दुपारचे साडेतीन असतात. त्या वेळी झोप कशी येणार? पहिल्या रात्री अब्बा अंगणात येरझाऱ्या घालत म्हणत होते, "नींदच नै आ री." त्यांचं खरंच होतं.

हे घड्याळ साधारण पूर्वेकडच्या प्रवासानंतर रोज एक तास आणि पश्चिमेकडच्या प्रवासानंतर रोज दीड तास सरकतं. पश्चिमेला जाणं सोपं, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी लांब चालतं. उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. अमेरिकेला जाताना त्रास तुलनेने कमी होतो आणि परतल्यावर आठ-दहा दिवस जातात, ते यामुळे. सासूबाईंना आठ दिवस लागले यात नवल नाही.

आणि उमऱ्याचं काय?

आपल्याकडच्या बहुतेक घरांचा परदेश प्रवास हज आणि उमऱ्याचा असतो. सौदी अरेबिया आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे आहे आणि मुंबईहून जिद्दा पाच-साडेपाच तासांवर. एवढ्या फरकाने खरा जेट लॅग थोडाच होतो. परत आलेला माणूस चार दिवस अंथरुण धरतो तो बहुधा झोप न झाल्याने. निघण्याआधीच्या रात्री भेटायला येणाऱ्यांची रीघ, मग रात्रभर मुंबईची गाडी, विमानतळावर तासन्‌तास बसणं, उतरल्यावर मक्केची बस, ऊन, गर्दी, हरममधल्या रात्री. हा प्रवासाचा शीण. तो दोन रात्री नीट झोपल्यावर उतरतो. जेट लॅग तसा उतरत नाही, त्याला दिवस मोजूनच द्यावे लागतात.

पूर्वी हे प्रश्न नव्हते. मुंबईहून हजची जहाजं जायची. १९९५ मध्ये ती बंद झाली. जहाज कित्येक दिवस पश्चिमेकडे सरकायचं आणि आतलं घड्याळही त्याच्याबरोबर रोज थोडं थोडं सरकायचं. हाजी जिद्द्याला उतरायचा तेव्हा थकलेला असेल, पण त्याची वेळ तिथलीच झालेली असायची.

अडीच तासांचाही एक परिणाम मात्र आम्ही अनेक घरांत पाहिला आहे. इथे पहाटे साडेचारला उठणाऱ्याला मक्केत दोनला जाग येते. तहज्जुदला ते सोयीचंच. पण परत आल्यावर गणित उलटतं. तिथे साडेचारला उठायची सवय झालेल्या देहाला इथे जाग येते सातला. म्हणजे फज्र निघून गेलेली. मग घरातलं कुणीतरी बोलतं, "उमरा करून आले आणि फज्र चुकली!" त्या माणसाला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतं. कृपा करून असं बोलू नका. तो आळस नाही. पहिले तीन-चार दिवस इशानंतर लगेच दिवे मालवून त्यांना झोपू द्या, फज्रला तुम्ही हलकेच उठवा आणि ऊन वर आलं की अंगणात नाहीतर गच्चीवर अर्धा तास बसवा.

उजेड कधी घ्यायचा

उजेड हेच या तक्रारीवरचं औषध. पण औषधासारखीच त्याचीही वेळ असते. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी आपल्या देहाची रात्र सर्वांत खोल असते. त्या क्षणाच्या आधी डोळ्यांवर पडलेला उजेड आतलं घड्याळ मागे ढकलतो, त्यानंतर पडलेला उजेड पुढे ओढतो.

हिशेब करून पाहा. मक्केत साडेसहाला उठणाऱ्याची खोल रात्र चारच्या सुमारास, म्हणजे ईटच्या साडेसहाला. सातनंतरचं कोवळं ऊन त्याचं घड्याळ पुढे ओढतं, ते हवंच आहे. लंडनहून हिवाळ्यात परतलेल्याची तीच वेळ इथल्या साडेनऊची. त्याने पहिल्या दिवशी सकाळी आठच्या उन्हात बसू नये, दहा-साडेदहानंतर बसावं. न्यू जर्सीहून आलेल्याची खोल रात्र इथल्या दुपारी अडीचला असते. तेव्हा त्याला ग्लानी येते. त्याने असरच्या सुमाराचा उजेड घ्यावा. अमेरिका मात्र जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडे आहे. तिथून आलेल्यांत कुणाचं घड्याळ पुढे सरकून जुळतं, कुणाचं मागे सरकून. म्हणून फार मोजमाप न करता दिवसा उजेडात आणि रात्री अंधारात राहायचं. रात्री जाग आली तर मोबाइल उघडू नये, तोही उजेडच आहे.

आपल्याला एक सोय आयतीच मिळालेली आहे. पाच वेळच्या नमाजची वेळ सूर्यावरून ठरते, आणि आपण जिथे असू तिथल्या सूर्यावरून. उतरल्या दिवसापासून तिथल्या अजानवर उठायचं, तिथल्या मगरिबनंतर जेवायचं, इशानंतर झोपायचं. आतल्या घड्याळाला अशा ठरलेल्या खुणा मिळाल्या की ते लवकर जुळतं.

घरात पाळायचं काय

अब्बांच्या त्या दुपारनंतर आम्ही काही नियम केले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

१. निघण्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा आणि तिकीट दाखवा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला येताना आखूड होतो. इन्सुलिनचं प्रमाण त्याप्रमाणे बदलावं लागू शकतं. ते आपण ठरवायचं नाही. जातानाचं आणि परतीचं असं दोन्ही वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. फिट्सच्या गोळ्या असतील तर जास्तच काळजी घ्या, जागरणाने फिट येऊ शकते.

२. घेतलेल्या प्रत्येक औषधापुढे तारीख आणि वेळ लिहा, आणि कोणत्या घड्याळाची वेळ तेही. "घेतलं का?" असं झोपेतल्या माणसाला विचारू नका. कागद पाहा. चुकलेली गोळी भरून काढायला दोन गोळ्या एकदम कधीच देऊ नका.

३. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग हरवू शकते आणि तिथल्या थंडीने इन्सुलिन खराब होऊ शकतं. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या तर चिठ्ठीशिवाय परदेशी नेऊच नका.

४. मधुमेही माणूस प्रवासाहून येऊन झोपला तर त्याला तासन्‌तास तसाच सोडू नका. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं, न उठणं ही जेट लॅगची लक्षणं नाहीत. साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखाना गाठा.

५. दुपारचा कैलुला जरूर करा, पण वीस-तीस मिनिटांचा. गजर लावून. असरनंतर चहा बंद. चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो.

६. मेलाटोनिन नावाची गोळी काहींना उपयोगी पडते, पाचपेक्षा जास्त तासांचा फरक असेल तर विशेष. नव्या ठिकाणच्या झोपायच्या वेळी ती घेतात. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी किंवा फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इतरांनीही विचारूनच घ्यावी.

७. पोटाचं घड्याळ जेवणाने जुळतं. मध्यरात्री भूक लागली तर थोडं दूध, एखादं फळ. बिर्याणी तापवायला घेऊ नका, कितीही लाडाची माणसं असली तरी.

विमानतळावरून घर

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईट काय, परंडा काय, आपल्या भागातून मुंबईला माणूस आणायला जायचं म्हणजे गाडी आदल्या दिवशी निघते, रात्रभर जागते आणि पहाटे परत फिरते. आम्हीही तेच केलं. साडेतीनशेहून जास्त किलोमीटर. आम्ही सगळे मागच्या सीटवर डुलक्या घेत होतो. गाडी चालवणारा मुलगा आदल्या सकाळपासून जागा होता, आणि तो जागा आहे की नाही याची चौकशी कुणीच केली नाही. पहाटे दोन ते सहा हा प्रत्येकाच्या देहाचा सर्वांत सुस्त काळ. डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात. त्या दिवशी आम्ही सुखरूप पोहोचलो ही अल्लाहची मेहेरबानी, आमची हुशारी नव्हे.

आता आमच्या घरात ठरलं आहे. विमान रात्री उतरत असेल तर मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम. तेही नसेल तर गाडी चालवणाऱ्याने दुपारी चार-पाच तास झोपून मगच निघायचं आणि सोबत दुसरा चालवणारा असलाच पाहिजे. एका रात्रीचा खर्च वाचवायला गाडीभर माणसं पणाला लावायची नाहीत.

आणि भेटायला येणाऱ्यांना एक विनंती. हाजी आले, परदेशाहून कुणी आलं की जाऊन भेटणं आपली चांगली रीत आहे. दुआ घ्यायची असते, जमजम आणि खजूर घ्यायचे असतात. पण पहिल्याच दिवशी नको. आपल्या दीनने मुसाफिराला नमाजमध्ये कसर दिली, रोज्यात सवलत दिली. प्रवासाने माणूस थकतो हे तिथे मानलेलं आहे. मग आपण त्याला दाराशी उतरल्या उतरल्या चार तास गादीवर बसवून का ठेवतो? दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी जा. तेव्हा ते तुम्हाला ओळखतील तरी.

विमानात न बसताही

शेवटी एक गोष्ट तरुण मुलांच्या आयांसाठी. आपल्याकडची अनेक मुलं पुण्यात अमेरिकेच्या कंपन्यांसाठी रात्रपाळी करतात. सुट्टीच्या दोन दिवसांत गावी येतात, सगळ्यांसारखं रात्री झोपायला बघतात, सोमवारी पुन्हा रात्र जागवतात. म्हणजे दर आठवड्याला अमेरिकेची एक फेरी, तिकिटाशिवाय. घरी आल्यावर ती चिडचिड करतात, जेवत नाहीत, दुपारी बारापर्यंत झोपतात. रागावण्याआधी खोलीचा पडदा ओढून त्यांना झोपू द्या. आणि मोटारसायकलवरून रात्रपाळी संपल्या संपल्या गावाकडे निघायचं नाही, हे मात्र त्यांना दटावून सांगा.

अब्बा आता बरे आहेत. मनगटावरचं घड्याळ त्यांनी ईटच्या वेळेवर लावलं, जरा नाराजीनेच. मग आम्ही बैठकीत दुसरं घड्याळ टांगलं, न्यू जर्सीच्या वेळेचं. ते नातवाचं. संध्याकाळी त्यात सात वाजले की अब्बा फोन हातात घेऊन बसतात, पोरगं शाळेला निघण्याआधी बोलायला. औषधांचा डबा मात्र ईटच्या घड्याळाखालच्या फळीवर आहे, आणि त्याला दोऱ्याने एक वही आणि पेन्सिल बांधलेली आहे.

तुमच्या घरातलं कुणी येत्या काही महिन्यांत प्रवासाला निघणार असेल, तर बॅग भरण्याआधी तेवढी वही बांधून ठेवा. इन्शाअल्लाह, बाकीचं उजेड आणि चार दिवस करतील.